रास्त किंमत म्हणजे काय? एका जुन्या मॅटॅडोरच्या निमित्तानं

 

गेल्या व्याख्यानानंतर ज्या चिठ्ठ्या आल्या, त्यांत एक अशी होती : "सर, वडिलांची जुनी मॅटॅडोर पिकअप दारात उभी आहे. भंगारवाला एक आकडा सांगतो. पुण्याहून जुन्या गाड्यांचा एक हौशी माणूस येऊन गेला, तो दुसरा सांगतो. गावातला गॅरेजवाला तिसराच सांगतो. यातला रास्त आकडा कोणता?" खाली नाव नाही. आयोजकांना वाटलं, ही चिठ्ठी चुकून माझ्याकडे आली, एखाद्या एजंटाकडे जायला हवी होती. मला तसं वाटत नाही. 'आकडा कोणता' एवढंच विचारलं असतं तर मी ती एजंटाकडे पाठवलीही असती. पण चिठ्ठीत 'रास्त' हा शब्द आहे, आणि या शब्दावर तत्त्वज्ञानात अडीच हजार वर्षं भांडण चालू आहे. तेव्हा आजचा तास त्या चिठ्ठीचा.

'रास्त' हा फारसीतून आलेला शब्द. सरळ, खरं, बरोबर असा त्याचा अर्थ. आपण तो दोन ठिकाणी रोज ऐकतो. एक रेशनचं दुकान, ज्याच्या पाटीवर 'रास्त भाव दुकान' लिहिलेलं असतं. दुसरा ऊस. २००९ पासून उसाला जो दर जाहीर होतो त्याचं मराठी नाव 'रास्त आणि किफायतशीर दर', म्हणजे आपली एफआरपी. हातकणंगले तालुक्यात मी एफआरपी समजावून सांगणं म्हणजे काकवी करणाऱ्याला गोड कसं लागतं ते सांगणं. पण नाव नीट बघा. रास्त 'आणि' किफायतशीर. ज्यानं हे नाव ठेवलं त्याला माहीत होतं की या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दर रास्त असेल आणि परवडणार नाही. परवडेल आणि रास्त नसेल. चिठ्ठीवाल्यानं पहिल्या शब्दाबद्दल विचारलंय, हे लक्षात ठेवू.

आता तुमच्याच धंद्याकडे या. हुपरीत चांदीची किंमत ठरवताना भांडण का होत नाही? होतं, पण फार थोडं होतं. कारण तीन गोष्टी दोघांनाही तपासता येतात. वजन काट्यावर, टंच तपासणीत, दर बाजारात. त्यावर मजुरी, ती कारागिरीप्रमाणं ठरलेली. पैंजण मोडीत आलं की डाखामुळं टंच किती उतरला तेही काढता येतं. विकणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नसले तरी चालतं, कारण दोघंही काट्यावर विश्वास ठेवतात.

मॅटॅडोरला टंच नाही. सगळी अडचण इथं आहे.

या गाडीबद्दल थोडं सांगतो, कारण समोर तरुण मंडळीही दिसताहेत. बजाज टेम्पो ही कंपनी १९५८ साली नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकारानं उभी राहिली. जर्मनीतल्या टेम्पो कंपनीच्या सहकार्यानं आधी तीन चाकांची हॅन्सिएट आली, आणि मग १९६९ मध्ये मॅटॅडोर. पुण्याजवळ आकुर्डीला ती तयार व्हायची. गंमत बघा, 'टेम्पो' आणि 'मॅटॅडोर' ही दोन्ही कंपनीची विशेषनामं, आणि आपण दोन्हींची सामान्यनामं करून टाकली. आजही कुणाची महिंद्राची पिकअप असली तरी म्हातारी माणसं म्हणतात, "मॅटॅडोर बोलव." कंपनीनं मात्र २००५ मध्ये स्वतःचं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं.

या गाडीची रचना त्या काळात वेगळी होती. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळायची. मागं जाणारा लांब शाफ्ट नाही, त्यामुळे माल ठेवायची जागा जमिनीपासून बरीच खाली. दुधाचे कॅन, गुळाच्या ढेपा, सुताची बाचकी चढवणाऱ्या माणसाच्या कंबरेला याचा अर्थ काय, ते कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. कोल्हापूर-इचलकरंजी पट्ट्यात कितीतरी घरांचा पहिला स्वतःचा धंदा या गाडीवर सुरू झाला. म्हणूनच ती दारातून हलवताना माणसाचा जीव अडकतो. त्याकडे शेवटी येऊ.

एका गाडीला तीन माणसं तीन किमती सांगतात, तेव्हा आपल्याला वाटतं की दोघं तरी खोटं बोलताहेत. तसं असेलच असं नाही. तिघं तीन वेगळ्या वस्तू विकत घेताहेत. भंगारवाला लोखंड घेतोय. धंदेवाला पुढच्या काही वर्षांची वाहतूक घेतोय. हौशी माणूस पूर्वीसारखी चकाकणारी गाडी घेतोय, जी आज अस्तित्वातच नाही, ती करावी लागणार आहे. वस्तू तीन, म्हणून हिशेबही तीन. आकडे मी उदाहरणापुरते धरतो. ते बाजारभाव म्हणून घेऊन जाऊ नका. आपल्या गाडीचे आकडे आपण भरायचे.

मोडीचा हिशेब सोपा. गाडी काट्यावर समजा चौदाशे किलो भरली, आणि दर किलोला तीस रुपये धरला. बेचाळीस हजार. काच, रबर, हौद्याच्या फळ्या, गाडी ओढून न्यायचा खर्च वजा केला की अडतीस हजार धरा. ही तळाची पायरी. याच्या खाली कुणी मागत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवायचा.

धंद्याचा हिशेब जुन्या मालवाहू गाडीला बहुधा निराश करतो. गाडी महिन्याला किती मिळवते, त्यातून डिझेल, ड्रायव्हर, विमा, दरवर्षीचं पासिंग आणि दुरुस्ती वजा जाता काय उरतं, आणि अशी किती वर्षं उरली आहेत. शिवाय तेच काम दुसरी गाडी काय खर्चात करते हे बघायचं. २००५ मध्ये टाटाचा 'छोटा हत्ती' आला आणि लहान मालाच्या वाहतुकीचं गणितच फिरलं. तेव्हापासून मॅटॅडोरची धंद्याची किंमत घसरत घसरत मोडीच्या जवळ येऊन टेकली. गॅरेजवाल्याचा आकडा तुम्हाला कमी वाटतो तो यामुळे. तो माणूस वाईट नाही, तो मॅटॅडोरची तुलना छोट्या हत्तीशी करतोय.

हौसेच्या हिशेबात लोक सर्वांत जास्त फसतात, विकणारेही आणि घेणारेही. पद्धत अशी : चकाचक, कागदपत्रं पूर्ण, चालू स्थितीतली तशीच गाडी केवढ्याला 'विकली गेली' ते शोधायचं. केवढ्याला 'लावली आहे' ते नव्हे. जाहिरातीतला आकडा ही विकणाऱ्याची इच्छा असते. तो सहा महिने तसाच दिसत असेल तर बाजारानं त्याला नाही म्हटलंय असं समजावं. आता अशी तयार गाडी समजा साडेतीन लाखाला गेली. आपली गाडी तिथपर्यंत न्यायला काय लागेल? पत्र्याचं काम आणि रंग सत्तर हजार, इंजिनकाम साठ, टायर, वायरिंग, सीट, काचा मिळून चाळीस, कागदपत्रांना दहा. एक लाख ऐंशी. साडेतीनातून वजा केले, एक लाख सत्तर उरले. पण जुनी गाडी खोलली की आतून काहीतरी निघतंच. त्यासाठी कामाच्या खर्चाचा चौथा हिस्सा, पंचेचाळीस हजार, बाजूला ठेवायचे. राहिले सव्वा लाख. ही वरची पायरी. शहाणा हौशी माणूस याच्या वर जाणार नाही, कारण त्यापेक्षा तयार गाडी घेतलेली त्याला स्वस्त पडेल. आपल्याकडे ही पायरी थोडी वर सरकते, कारण कोल्हापूरचं उद्यमनगर जवळ आहे. जो भाग बाजारात मिळत नाही तो लेथवर करून देणारा माणूस इथं सापडतो. हाच भाग ज्याला दूरच्या शहरातून मागवावा लागतो, त्याचा हिशेब वेगळा होतो.

म्हणजे आपल्या कल्पित गाडीची किंमत अडतीस हजार ते सव्वा लाख. केवढी मोठी दरी! अर्थशास्त्र तुम्हाला इथपर्यंत आणून सोडतं आणि म्हणतं, आता घासाघीस करा. रास्त काय, हा प्रश्न या दरीत सुरू होतो.

पण त्याआधी दरी अरुंद करता येते. गाडीचा टंच काढता येत नसला तरी अंदाज काढता येतो. मी मेस्त्री नाही. पण अनेक मेस्त्र्यांना काम करताना बघत बसण्याचा मला नाद आहे, त्यातून शिकलेलं सांगतो.

पहिलं हत्यार लोहचुंबक. तुम्ही चांदीवर चुंबक लावता तेव्हा तो चिकटला की घोटाळा, कारण आत लोखंड आहे. गाडीवर उलटं. चिकटला नाही की घोटाळा, कारण तिथं पत्रा गंजून गेलाय आणि पेंटरनं लांबी भरून वर रंग मारलाय. चुंबक पातळ कापडात गुंडाळून दाराच्या खालच्या कडेनं, चाकांच्या वरच्या कमानींवरून, केबिनच्या पायऱ्यांवरून फिरवा. नव्या रंगाची गाडी बघून खूश होऊ नका. जुन्या गाडीवर ताजा रंग दिसला की मला तरी आधी शंका येते. फिक्या, उडालेल्या रंगाची गाडी निदान काही लपवत नाही.

मग खाली वाका. हौद्याच्या फळ्या बदलणं स्वस्त आहे, खालचा सांगाडा बदलणं नाही. वेल्डिंगचे टाके, ठिगळं, वाकून सरळ केलेला भाग. ओझं वाहिलेल्या गाडीत पाटे बसलेले असतात, ते एका बाजूला उभं राहून नुसत्या डोळ्यांनी कळतं.

इंजिन नेहमी थंड असताना सुरू करायला सांगा. तुम्ही पोचायच्या आधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर हात लावून कळतं, आणि 'का?' असं विचारायला हरकत नाही. धुराचा रंग बोलतो. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय, रिंगा-लायनर झिजलेत. ओझ्याखाली दाट काळा धूर म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही, पंप-नोझलचं काम आहे, ते तुलनेनं थोडक्यात भागतं. थंडीत सुरुवातीला थोडा पांढरा येऊन थांबला तर काळजी नको; येतच राहिला आणि रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल तर खर्च मोठा. चालू इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण काढून बघा, आतून भकाभका वाफ येत असेल तर साठ हजारांचा इंजिनकामाचा अंदाज वाढवा. ही गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी, म्हणून मैदानात स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. टक-टक आवाज आला तर पुढचे जॉइंट गेले. किलोमीटरच्या काट्याकडे मात्र अजिबात बघू नका. जुन्या काट्याला पाच आकडे. नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव झाले की तो पुन्हा बाळ होतो, आणि ही गाडी किती वेळा बाळ झाली ते कुणाला सांगता येत नाही.

यातली प्रत्येक गोष्ट त्या चार आकड्यांपैकी एखादा वरखाली करते. दोघांनी मिळून, एकाच वेळी, एकाच गाडीजवळ उभं राहून ही तपासणी केली तर दरी निम्म्यावर येते. आणि तपासणीला येणारा गॅरेजवाला दोघांच्या ओळखीचा असावा. त्याची फी दोघांनी निम्मी-निम्मी द्यावी. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण एकानंच पैसे दिले की त्याचे डोळे एका बाजूनं बघायला लागतात.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात, पण हे थोडक्यातलं सगळ्यांत महाग पडतं. चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी स्वतः जुळवा. जुन्या गाड्यांत मूळ इंजिन काढून दुसरं बसवलेलं सर्रास आढळतं. त्यात वाईट काही नाही, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं त्याची नोंद हवी. बँकेचा बोजा उतरलाय का, कर आणि पर्यावरण कर भरलेत का, पासिंग कधी संपलं, ते बघा. चिठ्ठीतल्या गाडीसारखी ती वडिलांच्या नावावर असेल आणि वडील हयात नसतील, तर आधी वारसाच्या नावावर करून मगच विका, आणि सगळ्या भावा-बहिणींना विचारून.

एक गैरसमज पसरलाय तो दूर करतो. २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी, वेगळी 'व्हीए' नंबरपट्टी, पहिल्या नोंदणीला वीस हजार रुपये. हे ऐकून लोक म्हणतात, "माझी गाडी व्हिंटेज होणार, मग लाखात जाणार." नियमाचे शब्द वाचा. त्यात दुचाकी आणि 'एम-वन' म्हणजे प्रवासी चारचाकी यांचा उल्लेख आहे, आणि गाडी खाजगी, बिगर-व्यावसायिक वापराची हवी. मालवाहू पिकअप या शब्दांत बसत नाही. आणि बसली तरी तिच्यावर रोजचा धंदा करता येत नाही. तेव्हा त्या आशेचे पैसे कुणाकडून घेऊ नका आणि कुणाला देऊ नका.

आणि विकणाऱ्यासाठी : गाडी गेली, पैसे आले, म्हणजे सुटलो असं नाही. नाव बदलेपर्यंत मालक तुम्हीच. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं : गाडी पुढं कितीही हातांतून गेली असली, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव आहे त्याची. भंगारात दिली तरी नोंदणी रद्द करून घ्या. पाच हजार रुपये जास्त देणारा पण नाव बदलायला टाळाटाळ करणारा गिऱ्हाईक मला तरी महाग वाटतो.

आता मूळ प्रश्न. माहिती एकाला आहे आणि दुसऱ्याला नाही, तर काय?

१९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं जुन्या मोटारींच्या बाजारावर एक छोटा निबंध छापला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. २००१ मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं तुमच्या भाषेत सांगतो. समजा हुपरीत उद्यापासून टंच काढायची सोय बंद झाली. गिऱ्हाईक म्हणेल, चांदी चांगली की भेसळीची मला कळत नाही, मी मधला भाव देणार. मधल्या भावात शुद्ध चांदीवाल्याला परवडत नाही, तो बाजारातून उठून जातो. आता उरलेल्या मालाची सरासरी आणखी खाली. भाव आणखी उतरतो. असं करत करत बाजारात फक्त भेसळ उरते. यात कुणी लबाडी केलीच पाहिजे असं नाही; नुसतं कुणाला काही कळत नाही एवढं पुरतं. म्हणजे मघाशी सांगितलेली तपासणी केवळ घेणाऱ्याच्या सोयीची नाही. चांगली गाडी असलेल्या विकणाऱ्याला ती जास्त गरजेची आहे.

पण अकरलॉफ बाजाराचं काय होतं ते सांगतो. माणसानं काय करावं ते सांगत नाही. त्यासाठी दोन हजार वर्षं मागं जाऊ. सिसेरो या रोमन लेखकाच्या 'कर्तव्ये' या ग्रंथात एक प्रसंग आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी धान्याचं जहाज घेऊन पोचतो. मागून आणखी जहाजं येताहेत हे त्यानं समुद्रात पाहिलंय. बेटावरच्या लोकांना ते माहीत नाही. त्यानं सांगावं का? डायोजिनीस म्हणतो, कायद्यानं जेवढे दोष सांगायला लावलेत तेवढे सांग, खोटं बोलू नकोस. बाकी गप्प राहायला हरकत नाही. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, नाही, सगळं सांग. माणसांचं हित एकमेकांत गुंतलेलं आहे. सिसेरो शेवटी शिष्याच्या बाजूनं कौल देतो.

आपला कायदा कुणाच्या बाजूनं? १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १७ काढा. त्यातली उदाहरणं मोठी रसाळ आहेत, आणि ती घोड्याची आहेत. अ हा लिलावात ब ला घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे अ ला माहीत आहे, तो गप्प बसतो. ही फसवणूक नव्हे. पण ब ही अ चीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे सांगणं अ चं कर्तव्य ठरतं. आणि तिसरं : ब म्हणतो, "तुम्ही नाही म्हटलं नाही, तर मी घोडा निर्दोष आहे असं धरणार." यावर अ गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलल्यासारखंच. दीडशे वर्षं जुनं हे तिसरं उदाहरण जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकानं पाठ करावं. गाडीजवळ उभं राहून, साक्षीदारासमोर, स्पष्ट विचारा : "सांगाडा कुठं तुटून जोडलेला नाही, इंजिन नोंदीतलंच आहे, असं मी धरू का?" एवढ्या एका वाक्यानं समोरच्याचं मौन त्याच्या अंगावर जातं. भिडस्त माणसं हे विचारत नाहीत आणि मग वर्षभर गॅरेजात बसून शिव्या देतात.

कौटिल्यानं वेगळीच वाट काढली. सौदा झाल्यावर मागं फिरायला मुदत दिली, 'अनुशय' म्हणतात तिला. व्यापाऱ्यांना एक रात्र, शेतकऱ्यांना तीन, गुराख्यांना पाच. हे आकडे मला फार आवडतात. व्यापाऱ्याला माल एका रात्रीत कळतो, पण गाय कशी आहे ते चार-पाच धारा काढल्याशिवाय कळत नाही. वस्तू समजायला जेवढा वेळ लागतो तेवढी मुदत. जुन्या गाडीच्या सौद्यात असं दोघांनी ठरवून लिहायला आज कुणी अडवलेलं नाही : निम्मे पैसे आता, निम्मे आठवड्यानं, दरम्यान लिहून दिलेल्या चार गोष्टींपैकी एखादी खोटी निघाली तर सौदा परत.

आतापर्यंत आपण धरलं की जास्त माहिती विकणाऱ्याला आहे. चिठ्ठीतल्या प्रसंगात उलटं आहे, आणि म्हणून मला ती चिठ्ठी महत्त्वाची वाटली. पुण्याचा हौशी माणूस राज्यभर फिरलाय. तयार गाडी केवढ्याला जाते ते त्याला माहीत आहे. दारात उभा असलेला मुलगा, किंवा त्याची आई, यांना फक्त भंगाराचा दर माहीत आहे. तो म्हणतो, "भंगारवाला अडतीस देतोय ना? मी पंचेचाळीस देतो." आई खूश. त्यानं काय चूक केलं? खोटं बोलला नाही, जबरदस्ती केली नाही, दुसऱ्यापेक्षा सात हजार जास्तच दिले. कायदा त्याला काही म्हणणार नाही.

सिसेरोच्याच ग्रंथात याला जोड सापडते. क्विंटस स्कीव्होला नावाच्या गृहस्थाला एक जमीन घ्यायची होती. तो विकणाऱ्याला म्हणाला, एकदाच शेवटचा आकडा सांगा. त्यानं सांगितला. स्कीव्होला म्हणाला, माझ्या मते जमीन यापेक्षा जास्त मोलाची आहे, आणि एक लाख सेस्टर्स वर घालून दिले. सिसेरो लिहितो की हे सज्जन माणसाचं वागणं आहे हे कुणी नाकारत नाही. पण ते शहाणपणाचं नाही असं लोक म्हणतात. आणि त्याचा सगळा राग सज्जनपण आणि शहाणपण असं वेगळं काढण्यावर आहे.

माझं मत असं, आणि ते माझंच आहे : हौशी माणसानं स्कीव्होलासारखं जास्तीचे पैसे देणं मी मागणार नाही. त्यानं राज्यभर हिंडून मिळवलेल्या माहितीला मोल आहे, मजुरीसारखंच. पण 'ही गाडी मी भंगार म्हणून घेत नाही, हिला करून उभी करणार आहे' एवढं सांगणं मात्र त्याच्याकडून मागेन. कारण ते न सांगता तो दोन वस्तूंची अदलाबदल करतो. आईला वाटतं ती लोखंड विकतेय, तो मात्र गाडी नेतो. मघाशी आपण म्हटलं, तीन गिऱ्हाइकं तीन वस्तू घेतात. कुठली वस्तू विकली जातेय हे दोघांना ठाऊक असेल, आणि दोघांनी ती एकत्र तपासली असेल, तर त्या दरीतला साठ हजारांचा सौदाही रास्त आणि लाखाचाही. ते ठाऊक नसेल तर नेमका मधला आकडा काढूनही तो रास्त होत नाही.

(श्रोत्यांतून प्रश्न : सर, मग घासाघीस करणं वाईट का?)

अजिबात नाही. घासाघीस म्हणजे दोघांनी आपापल्या गरजेबद्दल एकमेकांना दिलेली माहितीच असते. ॲरिस्टॉटल म्हणतो, चांभाराचा जोडा आणि गवंड्याचं घर यांची तुलना होते ती गरजेमुळे. पैसा हा त्या गरजेचा ठरवून दिलेला प्रतिनिधी. गरज किती हे बोलल्याशिवाय कळायचं कसं? फक्त समोरच्याच्या घरात दवाखान्याची फाइल दिसतेय, त्याला आजच्या आज पैसे हवेत, हे बघून जो आकडा पाडला जातो, त्याला मी घासाघीस म्हणत नाही.

(श्रोत्यांतून प्रश्न : आणि वडिलांची आठवण? तिचे किती धरायचे?)

चिठ्ठी तुमचीच दिसते. बरं. आठवण तुमच्या पलीकडच्या माणसाला देता येत नाही. गाडी त्याच्या दारात उभी राहिली की तुमचे वडील तिथं जाणार नाहीत. त्यामुळे मागायच्या आकड्यात ती धरू नका. त्याला त्यातलं काहीच मिळत नसताना तो पैसे का देईल? पण ज्या आकड्याच्या खाली तुम्ही गाडी विकणारच नाही, त्या आकड्यात ती जरूर धरा. तो आकडा कुणाला सांगायची गरज नाही. घरी आईबरोबर बसा आणि आज रात्री कागदावर लिहून ठेवा, पुण्याचा माणूस परत यायच्या आधी. आणि त्याला फोन करून विचारा की गाडीचं तो काय करणार आहे.